बाराव्या दिवसाचा दर्पण

जबाब. गुरुवार, ता. २७ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

नाव विश्वासराव सूर्याजीराव धुमाळ. वय ७४ वर्षे. धंदा पूर्वी कापड गिरणीत विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, गिरणी बंद पडल्यापासून काही नाही. राहणार गिरणी लाइन, बिर्लानगर, ग्वाल्हेर.

मला कोणी बोलावलेलं नाही. मी आपल्या पायांनी ठाण्यात आलो आहे आणि समोर बसून सांगतो ते असं. माझा जन्म इथलाच, हिंदी मला मराठीइतकीच येते. पण हा मजकूर घरातला आहे आणि घरात तो मराठीत घडला आहे, म्हणून मराठीत सांगतो. लिहून घेणारे प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, पांडुरंगराव हे मराठी घरातले असल्याने त्यांनी ते मान्य केलं. त्यांनी चहा विचारला. मी नको म्हटलं.

माझ्या घरी मी, माझी बायको शांता, मुलगा सौरव आणि सून सोनिका असे चौघे राहतो. सौरव मालनपूरला एका कारखान्यात नोकरीला आहे. माझे थोरले भाऊ वारले आहेत. त्यांचा मुलगा अंशुल थाटीपूरला राहतो, शिकवणीचे वर्ग चालवतो. या अंशुलने २४ तारखेला तक्रार दिली आहे की धुमाळ घराण्याचा विलायती दर्पण आमच्या कपाटातून नाहीसा झाला असून त्याचा संशय माझी सून सोनिका हिच्यावर आहे. ती तक्रार मला वाचून दाखवली. त्यातला आमचा पत्ता बरोबर आहे. बाकी चूक आहे.

सोनिकाला उद्या २८ तारखेला अकरा वाजता चौकशीला बोलावलं आहे. उद्या तिच्या बाळंतपणाचा सव्विसावा दिवस आहे. तिला बोलावू नये. दर्पण तिने चोरलेला नाही. दर्पण मी नेला. कुठे आणि का, ते पुढे सांगतो, मध्ये थांबवू नये.

दर्पणाचं वर्णन विचारलं, म्हणून सांगतो. दर्पण काचेचा नाही, काशाचा आहे. पूर्ण गोल नाही, आडवा थोडा रुंद, हाताची एक वीत भरेल एवढा. खाली मूठ आहे, तिला दोन कड्या एकमेकींत गुंफल्यासारख्या. पुढची बाजू घासून गुळगुळीत आहे. तिच्यात चेहरा दिसतो, पण हळद लावल्यासारखा पिवळट. मागच्या बाजूला गोल गोल रेघा कोरल्या आहेत, परकाराने काढाव्यात तशा, एकीतून दुसरी निघालेली. मधल्या जागा बारीक रेघांनी भरल्या आहेत, तीन उभ्या तीन आडव्या, पुन्हा तीन उभ्या. ही चटई वीण आहे. तीस वर्षं मी मागांवर उभा होतो, हे मला कोणी शिकवू नये. मुठीच्या वर उजव्या अंगाला एका घरात तीनच्या जागी चार रेघा आहेत. तिथे कारागीर चुकला आहे. ओळख पटवायची वेळ आली तर ती चूक बघावी. किंमत विचारली. मला माहीत नाही आणि आमच्या घरात कोणी ती काढली नाही.

दर्पण घरात कसा आला, तेही विचारलं. माझे पणजोबा उमाजीराव रिसाल्यात होते. पहिल्या मोठ्या लढाईत त्यांच्या मांडीला गोळी लागली आणि विलायतेत समुद्रकाठच्या एका इस्पितळात ते चार महिने पडून होते. बरे होत आल्यावर बसून खाणं जमेना, म्हणून जवळच्या शेतावर चर खणायला जाऊ लागले. त्या चरात हा निघाला. शेताची मालकीण म्हातारी होती. तिने तो धुतला, त्यात आपलं तोंड पाहिलं आणि पणजोबांना देऊन टाकला. खुणेने सांगितलं म्हणे, बायकोला दे. हे खरं की खोटं ते मी सांगू शकत नाही. लढाईवरून आलेली माणसं पुष्कळ सांगतात.

पण त्या दिवसापासून दर्पण आमच्याकडे बायकांचा. पुरुषाने त्याला हात लावायचा नाही. माझ्या आईने मला लहानपणी त्याच्याकडे बोट केलं म्हणून चापट मारली होती. थोरल्या सुनेकडून पुढच्या सुनेकडे तो जातो. माझी वहिनी वारल्यावर शांताकडे आला. आमच्याकडे जहागीर नाही, दागिने नाहीत, एक तलवार होती ती गंजून गेली. राहिला तो हा दर्पण. नया बाजारातल्या मराठ्यांच्या घरांत आम्हाला दर्पणवाले धुमाळ म्हणतात. सोयरीक जुळवताना दर्पणाचं नाव आधी निघतं, मुलाच्या नोकरीचं नंतर. सौरवच्या वेळी तर नोकरी नव्हतीच, नुसत्या दर्पणावर सोनिका आली, असं मी तिला चेष्टेने म्हणत असे. ती हसायची.

दर्पण वर्षातून एकदाच बाहेर निघतो, गौरींच्या वेळी. आमचे मुखवटे शाडूचे आहेत, त्यांच्यावर पाणी घालता येत नाही, विरघळतील. म्हणून मुखवट्यांसमोर दर्पण धरतात आणि दर्पणात दिसणाऱ्या गौरींवर पाणी घालतात. तेच त्यांचं स्नान. आदल्या दिवशी दर्पण घासायचा असतो. आधी चिंच, मग राख, मग कोरडं फडकं. शंभर वर्षं आमच्या घरातल्या बायका तो असा घासत आल्या आहेत. शांता घासायला बसली की तासभर तिच्याशी कोणी बोलायचं नाही. एक डाग ठेवत नाही. हे लिहून घ्या, हे पुढे लागेल.

दुसरा प्रसंग म्हणजे घरात मुलगी जन्मली तर. बाराव्या दिवशी, कानात नाव सांगायच्या आधी, थोरली सून मुलीच्या तोंडासमोर दर्पण धरते. मुलीने आधी स्वतःला पाहायचं, मग नाव ऐकायचं. मुलग्यांना दाखवत नाहीत. मला दाखवला नव्हता, सौरवलाही नाही. बाराव्याच्या आधी मात्र दाखवायचा नाही. जुन्या बायका सांगत की तोवर मूल पुरतं आलेलं नसतं, स्वतःला पाहिलं तर उंबऱ्यावरून परत फिरतं. आमच्या घरात अंशुलच्या बहिणीनंतर एकोणचाळीस वर्षं मुलगी जन्मली नव्हती.

गेल्या डिसेंबरात अंशुल एका मुलीला घेऊन आला. तिचं नाव प्रांजली, जुन्या वस्तूंचं शिक्षण घेतलेली, पांढरे हातमोजे घालून आली होती. जमिनीवर बसून तिने दर्पण अर्धा तास पाहिला, मोबाइलवर फोटो काढले, कुणाला तरी पाठवले. मग म्हणाली, "आजोबा, हा केल्टिक असावा. म्हणजे रोमन लोकं तिकडे यायच्या आधीचा. दो हजार साल पुराना. पक्कं सांगायला टेस्ट लागेल." तिने विचारलं की हा साफ कशाने करता. शांताने अभिमानाने सांगितलं, चिंचेने आणि राखेने, दर वर्षी. त्या मुलीने कपाळाला हात लावला. म्हणाली, असे दर्पण जमिनीतून हिरवे निघतात आणि ते हिरवे तसेच ठेवायचे असतात, त्या हिरव्याला हात लावत नाहीत. शांताला वाटलं आपलं घासणं कमी पडलं. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा घासला.

प्रांजलीने आणखी एक सांगितलं. असे दर्पण तिकडे बायकांच्या थडग्यांत सापडतात. मोठ्या मानाची बाई गेली की तिच्याबरोबर तिचा दर्पण पुरत, तोंडाजवळ. तेव्हा सोनिकाला सहावा महिना चालू होता. ती दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "तोंडाकडे कोणती बाजू ठेवायचे, नक्षीची की बघायची?" प्रांजलीला ते माहीत नव्हतं. घरात तेवढा एकच प्रश्न कोणाला सुचला आणि तो सोनिकाला सुचला.

अंशुलने त्यानंतर दर्पणाचा समारंभ ठरवला. २ मार्चला थाटीपूरला सभागृह घेतलं आहे, पाहुणे बोलावले आहेत, पत्रिका छापल्या आहेत. पत्रिकेवर दर्पणाचा फोटो आणि खाली अंशुलचं नाव. माझंही आहे, बारीक अक्षरात. त्याच्याबद्दल मला राग नाही. घराण्याचं नाव व्हावं असं त्याला वाटतं. मलाही ते वाटत होतं.

३ फेब्रुवारीला सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सोनिका बाळंत झाली. मुलगी झाली. दिवस भरायच्या आधी आली, वजन एक किलो नऊशे ग्रॅम. इस्पितळात सहा दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. ८ तारखेला शनिवारी संध्याकाळी घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं की जपा, दूध ओढत नाही असं वाटलं तर लगेच आणा. आम्ही जपत होतो. शांता रोज सकाळी उन्हात बसून तिला तेल लावायची. मुलीचे कान सुद्धा अजून चपटे, घडी घातल्यासारखे होते.

११ तारखेला मंगळवारी दुपारी सोनिका माझ्याकडे आली. शांता बाजारात गेली होती, सौरव कामावर होता. सोनिकाच्या मांडीवर मूल होतं. जे बोलणं झालं ते मला शब्दाला शब्द आठवतं, तसंच लिहावं.

ती म्हणाली, "बाबा, एक बोलू? हिला आज दर्पण दाखवू का?"

मी म्हटलं, "बारावा शुक्रवारी आहे."

"हो, पण तिचा श्वास बघा ना कसा चाललाय. कल को फिर अॅडमिट बोल दिया तो? एक मिनिट दाखवते आणि ठेवून देते. आईंना नाही सांगणार."

"सोनिका, चार पिढ्यांत कोणी बाराव्याच्या आधी दाखवलेला नाही. तीन दिवस राहिलेत. शुक्रवारी दाखवू."

"आणि शुक्रवार नाही आला तर?"

मी म्हटलं, "असं अभद्र तोंडातून काढायचं नाही." मी आवाज चढवून बोललो. मागाच्या खात्यात तीस वर्षं काढल्याने माझा आवाज मोठाच आहे, पण त्या दिवशी मी तो मुद्दाम चढवला. मूल दचकलं. सोनिका उठून आत गेली. तिने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला बुधवारी, मुलगी बरी वाटत होती. दूध प्यायली. शांताला हुरूप आला, ती बारशाचं बोलावणं करायला लाइनीत निघाली. मी चार वाजता गिरणीच्या फाटकापाशी जुन्या लोकांत जाऊन बसलो आणि सहाला परत आलो. म्हणजे चार ते सहा घरात सोनिका आणि मूल दोघीच होत्या. कपाटाची किल्ली देवांच्या फळीमागे खिळ्याला असते, सगळ्यांना ठाऊक आहे.

१३ तारखेला गुरुवारी पहाटे मुलीने दूध ओढलं नाही. सौरवने ऑटो आणली. सात वाजून पंधरा मिनिटांनी ऑटोतच, सोनिकाच्या मांडीवर, मुलगी गेली. इस्पितळात पोचेपर्यंत सोनिका तिचं टोपडं सारखं करत होती. डॉक्टरांनी तपासून न्यूमोनिया लिहिलं. त्यांचा काही दोष नाही. मुलीचं नाव विचारलं. नाव नाही. ते शुक्रवारी ठेवायचं होतं. सोनिकाच्या मनात काय होतं ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण आमच्यात आधी सांगत नाहीत. इस्पितळाच्या कागदावर सोनिकाचं बाळ, मुलगी, असं आहे.

आमच्यात एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. बायका जात नाहीत. मी आणि सौरव गेलो. निघताना मी शाल आणतो असं सांगून आत गेलो, किल्ली घेतली, कपाट उघडलं आणि लाल खणात गुंडाळलेला दर्पण शालीखाली धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हात लावला. वाटत होता त्यापेक्षा जड होता. मी तो का घेतला, हे विचारलं. तिला दाखवायचा होता म्हणून घेतला. शुक्रवारचा शब्द दिला होता. तो एक दिवस आधी पाळायला गेलो आणि तरी उशीरच झाला.

साडेअकरा ते एक आम्ही तिथे होतो. खड्डा सौरवने खणला. मी खणतो म्हटलं तर त्याने कुदळ सोडली नाही. खड्डा झाल्यावर मी त्याला पाणी आणायला पाठवलं. तो डबा घेऊन गेला. तेवढ्या वेळात मी मुलीच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं आणि दर्पण खणातून सोडवला.

आता सांगतो ते नीट लिहावं. दर्पणाच्या बघायच्या बाजूवर तेलाचा हात उमटलेला होता. मुलीचा हात, पाच बोटांसकट, बोटं चिंचोक्याएवढी. त्याच्या वर काजळाचा एक डाग पुसटसा, कपाळ टेकलं असेल तिथे. काजळाची तीट शांता लावत असे, कपाळावर डाव्या बाजूला. मी मुलीच्या कपाळाकडे पाहिलं. तीट फिसकटलेली होती.

म्हणजे सोनिकाने बुधवारी तिला दर्पण दाखवला होता.

माझ्या मनात त्या क्षणी जे आलं तेही सांगतो. माझ्या मनात आलं, हिनेच मुलीला परत फिरवलं. पांडुरंगरावांनी विचारलं की हे लिहायलाच हवं का. हवं. मी शिकलेला माणूस आहे, युनियनचं वर्तमानपत्र वाचणारा, आणि नातीच्या खड्ड्यापाशी बसून माझ्या मनात ते आलं. कितीसा वेळ गेला असेल, सौरव नळापर्यंत पोचला नसेल. मग ते गेलं. मुलीला न्यूमोनिया होता. दर्पणाने कोणी मरत नाही. हे वाक्य वेगळं लिहा आणि त्याच्याखाली रेघ ओढा. पण माझ्या मनात येऊ शकतं तर शांताच्या मनात येईल, लाइनीतल्या बायकांच्या मनात येईल, आणि त्यांच्या मनातून ते जाणार नाही. सोनिकाला जन्मभर ते ऐकावं लागेल. तोंडावर कोणी बोलणार नाही, पण गौरींच्या वेळी दर्पण निघाला की दर वर्षी ऐकावं लागेल.

मी मुलीला दर्पण दाखवला नाही. तिने पाहिलेला होता. मी तो तिच्या शेजारी, बघायची बाजू तिच्या तोंडाकडे करून, कडेवर उभा ठेवला आणि वर कापड ओढलं. मग पुरताना घालतात ते मीठ घातलं. मिठाने कासं हिरवं होतं, ते मला माहीत आहे. सौरव पाणी घेऊन आला तेव्हा मी माती लोटत होतो. त्याने विचारलं, "बाबा, थांबला का नाहीत?" मी म्हटलं, ऊन चढतंय. दर्पण तिथे आहे हे त्याला आजही माहीत नाही.

२२ तारखेला शनिवारी अंशुल समारंभासाठी दर्पण न्यायला आला. त्याने मुलीबद्दल दोन शब्द बोलून घेतले, बरे बोलला. मग म्हणाला, "काकी, दर्पण दे दो ना. फंक्शनच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः आणून देतो." शांताने कपाट उघडलं. दर्पण नव्हता. खणही नव्हता. शांताने कपाटातलं सगळं बाहेर काढून पाहिलं. सोनिका दारात होती, तिच्या तोंडून निघून गेलं, "मी तर परत ठेवला होता."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. अंशुलने विचारलं, परत ठेवला म्हणजे काढला कशाला होता, कधी काढला होता. सोनिका बोलली नाही. शांताने विचारलं. बोलली नाही. सौरवने तिला बाजूला नेऊन विचारलं. भिंतीकडे बघत राहिली. तिथून तिच्यावर संशय आला. तक्रारीत लिहिलं आहे की संशयित बाई समाधानकारक उत्तर देत नाही. ती उत्तर का देत नाही, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी तिथेच उभा होतो. मी काही बोललो नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतर चार दिवसही नाही. ती माझ्या ताटात भाकरी वाढत होती आणि मी जेवत होतो.

बोललो नाही त्याचं कारण असं की, दर्पण कुठे आहे हे सांगितलं तर तो उकरून काढतील. उकरून काढला तर हात दिसेल. हात दिसला तर सोनिकाने काय केलं ते सगळ्यांना कळेल. मी समजत होतो की मी तिला वाचवतो आहे. काल संध्याकाळी तुमचा कागद आला आणि तो तिने स्वतः सही करून घेतला, तेव्हा मला कळलं की मी तिला चोर ठरवून वाचवत होतो. म्हणून आज आलो.

प्रश्न: दर्पण जिथे आहे ती जागा कोणती?

उत्तर: सांगणार नाही.

प्रश्न: जागा न सांगितल्यास आपल्यावर कारवाई होऊ शकते, हे समजतं का?

उत्तर: समजतं. जी व्हायची ती व्हावी. दर्पणात माझा हिस्सा असो नसो, नेला मी आहे.

प्रश्न: जागा आपल्या मुलालाही माहीत आहे. त्याला विचारलं तर?

उत्तर: तो सांगेल, कारण आत काय आहे ते त्याला माहीत नाही. पण त्याला विचारण्याआधी तुम्हाला त्याला हे सगळं सांगावं लागेल. ते ऐकूनही त्याने जागा दाखवली, तर मी अडवणार नाही.

प्रश्न: एवढी जुनी आणि मोलाची वस्तू पुरून टाकण्याऐवजी पुसून घरी परत का आणली नाही?

उत्तर: माझ्या खिशात रुमाल होता. मी तो काढलाही होता. पण मला पुसवलं नाही. आणि न पुसता घरी आणला असता तर शांताने भाद्रपदात तो घासला असता. ती एक डाग ठेवत नाही. तो हात दोन हजार वर्षांचा नसला तरी आमच्या घरात तेवढ्याच मोलाचा आहे. मुलीचं दुसरं काही राहिलेलं नाही. फोटो काढायचा तो बारशाला काढू म्हणून काढला नव्हता. तुम्ही उकराल तर कोणीतरी चांगल्या मनाने तो स्वच्छ करेल. अंशुल करेल, संग्रहालयवाले करतील, किंवा तुमचाच शिपाई मातीने भरलाय म्हणून बाहीने पुसेल.

माझी विनंती एवढीच आहे की सोनिकाला उद्या बोलावू नये. अंशुलला मी स्वतः सांगेन की समारंभ त्याने फोटोवर करावा, वीण फोटोतही नीट दिसते. शांताला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही, पण तेही मीच सांगेन, दुसऱ्याकडून तिला कळू नये. त्या आधी घरी जाऊन सोनिकाला सांगणार आहे की तिने बुधवारी काय केलं ते मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे, आणि तिने केलं ते बरोबर केलं, आणि मंगळवारी मी चुकलो. मग तिला एक विचारायचं आहे. मी ते पाहिलेलं नाही आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही. दर्पणात स्वतःला बघून मुलीने काय केलं, ते.

वरचा मजकूर प्रधान आरक्षक पांडुरंगराव यांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी ते थांबले, तिथून पुढचं मी स्वतः वाचलं. मी सांगितलं तसंच लिहिलं आहे. जागेचं नाव आणि मुलीचं नाव या दोन जागा कोऱ्या आहेत, त्या तशाच बरोबर आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नव्हता. खाली सही करतो.

विश्वासराव सूर्याजीराव धुमाळ
दुपारी १ वाजून ५ मिनिटे